मोजून अठरा गोळ्या

१

बर्नार्ड मिरांडा सोमवारी सकाळी सात वाजता मेला. भांडुपच्या ब्रॅडली पंखा कारखान्याच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, चार नंबरच्या खाटेवर. विहिरीच्या काठावर घसरून मांडीचं हाड मोडलं म्हणून नऊ दिवसांपूर्वी आणला होता. आता तुम्हीच सांगा, मांडीच्या हाडानं कुणी मरतं का?

दादू गायकवाडला बातमी दिली त्याच्या मुलीनं. शकु दारात उभी, पदर डोळ्याला. दादूला वाटलं, पोरगी बर्नार्डसाठी रडतेय. रडणारच, लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मरोळच्या जत्रेत हिंडलेली ती.

"आबा, यांना घरी पाठवलं कंपनीनं," शकु म्हणाली. "बर्नार्डकाकांना यांनीच मारलं म्हणतात."

"यांनी" म्हणजे सहदेवनं. दादूचा जावई, दवाखान्याचा कंपाउंडर. मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारा माणूस.

"कोण म्हणतंय?" दादू ओरडलाच.

"डॉक्टर चंद्रप्रकाश. पहाटे काका घामानं भिजले, बरळायला लागले, मग शुद्धच गेली. डॉक्टरांनी रक्त काढून तपासायला पाठवलं. त्यात म्हणे साखर जवळजवळ नव्हतीच. काकांच्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्या जास्त पडल्या, नाहीतर भलत्याच दिल्या. आणि गोळ्या देणारे हेच. परवा बुधवारी दुपारपर्यंत मॅनेजरसाहेब पोलिसांत देणार आहेत."

दादूनं एकतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर झडती घेतली होती. सुटी झाली की हजार माणूस त्याच्या हाताखालून जायचं. तांब्याची तार कुणाच्या लंगोटात, कुणाच्या डब्याच्या झाकणात, कुणाच्या पट्ट्यात, सगळं त्याला नुसत्या चालीवरून कळायचं. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी लोक त्याच्यापुढून जाताना आपोआप हात वर करायचे. पण आज एकीकडे जिवाभावाचा दोस्त मेलेला, दुसरीकडे पोरीचा संसार बुडायला निघालेला.

"चल," तो चपला घालत म्हणाला. "जावईबापूंना आधी बघू दे मला."

२

सहदेव खाली मान घालून बसला होता. समोर चहा गार झालेला.

"मामा, तुम्हीही विचारा. सगळ्यांनी विचारून झालंय."

"विचारणारच. गोळ्या चुकल्या का?"

"नाही."

"शपथ नको, हिशेब सांगा."

"नऊ दिवसांपूर्वी, शनिवारी, ते दाखल झाले तेव्हा मी सिस्टर क्लॅरिसकडे तीस गोळ्या मोजून दिल्या. रोज दोन, सकाळ-संध्याकाळ. नऊ दिवसांच्या अठरा. आज बाटलीत बारा उरल्यात. डॉक्टरांनी स्वतः मोजल्या. गोळीही तीच, मी काय, डॉक्टरांनी जिभेला लावून बघितली."

"मग मोजणी बरोबर, गोळी बरोबर."

"तेच तर! डॉक्टर म्हणतात, तीन वर्षं साखर असलेला माणूस दोन गोळ्यांनी मरत नाही. म्हणजे मी आधी कुठंतरी काळंबेरं केलं, आणि मग बाटली सारखी करून ठेवली."

सहदेवनं खिशातून बर्नार्डचं कार्ड काढलं. हे त्यानं कपाटातून उचलून आणलं होतं, तोही एक गुन्हाच. पिवळं, कोपरे झिजलेलं. वर शाईनं मोठा 'अ'. खाली चार वर्षांच्या नोंदी: खोकला, खोकला, मग साखर. दर महिन्याला लघवीची तपासणी, दर महिन्याला एकच शेरा, विटकरी लाल. गेल्या महिन्यात तर गडद विटकरी, म्हणून डॉक्टरांनी एकीच्या दोन गोळ्या केलेल्या.

त्या 'अ'कडं दादू बघत राहिला. तो त्याच्याच हातचा म्हणायला हवा. कंपनीनं रिटायर होणाऱ्यांसाठी औषधाचे दोन रस्ते काढले होते. 'अ' म्हणजे औषध फक्त कामगाराला, पण डॉक्टर लिहील ते, कितीही महाग असो, मरेपर्यंत. 'ब' म्हणजे नवरा-बायको दोघांना, पण कंपनीच्या यादीत असेल तेवढंच. एकदा खूण केली की बदल नाही. फॉर्म इंग्रजीत. बर्नार्डच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे मोटारीवर तार गुंडाळतात तिथं, इंग्रजी वाचणारा कुणी नव्हता, म्हणून गेटवरच्या दादूला बोलावलं. दादूनं वाचून सांगितलं, "अ घ्या. यादी-बिदीच्या भानगडीत पडू नका." आणि मोठ्या संपापासून त्या खात्याची सवयच होती, एकानं जिथं खूण केली तिथं सगळ्यांनी करायची. तेवीस जणांनी 'अ'वर खूण केली. दादूची बायको तेव्हा नुकतीच वारली होती. औषध फक्त आपल्याला यात त्याला काही कमी वाटलंच नाही.

"लघवी तुम्हीच तपासायचात?" त्यानं विचारलं.

"मीच. निळं पाणी घेऊन त्यात टाकायची आणि उकळायची. साखर असली की लाल होतं. काका सकाळी घरूनच बाटली भरून आणायचे. सगळेच आणतात, तिथं एवढ्या लोकांना कुठं बसवायचं?"

"आणि दवाखान्यात असताना?"

"ते सिस्टरचं काम. मला माहीत नाही."

दादू उठला. दुपारी मरोळला बर्नार्डची माती होती. उंबऱ्यावर शकुनं त्याचा हात धरला.

"आबा, यांनी केलं नाही ना?"

"नाही गं," तो म्हणाला. पण मग केलं कुणी, हे त्याला कुठं ठाऊक होतं?

३

मरोळच्या चर्चमागं बर्नार्डला ठेवून सगळे घरी परतले. दादू पाय धुवायला मागच्या मोरीवर गेला. तांब्यानं पाणी घेतलं आणि तळपायाला चटका बसला. काळ्या मुंग्यांची रांग भिंतीच्या फटीतून निघून थेट मोरीच्या तोंडाशी. त्यानं पाय झटकले, मुंग्यांना दोन शिव्या हासडल्या आणि पाणी ओतलं.

घरात कार्मेन खुर्चीवर बसलेली. गुडघ्यांनी धरलेली बाई, अंगणापलीकडच्या संडासापर्यंत जायचंही तिला जमत नसे, मोरीवरच भागवायची. मडक्यातून पाणी काढून देणारी शेजारीण तिथंच उभी होती, कारण कार्मेन ग्लासावर ग्लास रिचवत होती.

"दादू," ती म्हणाली, "तुझा दोस्त मला टाकून गेला रे. मला मेलीला घसा कोरडा पडतो नुसता, रडायला पन येत नाय."

दादू बाहेर आला आणि अल्फान्सोला गाठलं. हा बर्नार्डचा पुतण्या. दोन महिन्यांपूर्वी घराची जागा विकायची म्हणून त्यानं काकाशी हमरीतुमरी केली होती. गावात सगळ्यांना माहीत. आणि दवाखान्यात रोज संध्याकाळी डबा घेऊन जाणारा हाच.

"काय काय द्यायचास रे डब्यात?"

"पेज, उकडलेली भाजी. डॉक्टरनं सांगितलं तेच." अल्फान्सोची नजर जमिनीवर.

दादूनं ती नजर ओळखली. हजारदा बघितलेली.

"वर बघ. काय लपवतोस?"

"काय नाय."

"अल्फान्सो, उद्या पोलीस विचारतील ते मी आज विचारतोय. जागेवरून भांडलास, डबा तुझ्या हातचा. तुझीच वाट लागेल पयली."

पोरगा म्हणावं तर चाळिशीचा बाप्या, पण एकदम रडायलाच लागला.

"रविवारी संध्याकाळी त्यानं माझा हात धरला. हात थरथरत व्हता त्याचा. बोलला, बाबा, खिशात काय गोड असेल तर दे, गुळाचा खडा दे, कायपन दे. मी बोललो, अंकल, मरायचंय काय, साखर हाय ना तुला? तर हसला आणि हात सोडला. मी नाय दिला दादूअंकल! मरणाऱ्याला गुळाचा खडा नाय दिला मी!"

दादूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण डोकं दुसरीकडंच चाललं होतं. साखरेचा रोगी गोड मागतो हे समजू शकतं. पण बर्नार्ड हसला कशाला?

४

मंगळवारी सकाळी दादू सिस्टर क्लॅरिसपुढं उभा राहिला. तिशीची, कडक, पांढऱ्या मोज्यांची बाई. पण आज तिची टोपी वाकडी होती आणि ती सरळ करायचं तिला सुचलं नव्हतं.

"मी माझ्या हातानं गोळ्या दिल्या," ती फटकन म्हणाली. "दोन म्हणजे दोन. सहदेववर आळ घेतात ते मला पटत नाही, पण मग आळ माझ्यावर येतो."

"गोळी घेताना तो काय करायचा?"

"ते कशाला विचारता?"

"उगीच."

"बाकीचे पेशंट गोळी बघतही नाहीत, टाकली तोंडात की झालं. हे हातावर घेऊन बघत बसायचे. एकदा विचारलं मला, सिस्टर, ह्या इथं घेतल्या नाहीत आणि घरी नेल्या तर चालेल का? मी म्हटलं, मुळीच नाही, माझ्यासमोर गिळायच्या. मग गिळल्या बिचाऱ्यांनी."

"गोड मागितलं होतं?"

"दोनदा. शनिवारी आणि रविवारी. मी रागावले त्यांना. साखरेच्या पेशंटला साखर कोण देतं?"

"लघवी तपासलीत इथं?"

"रोज. निळीच्या निळी. एकदाही रंग बदलला नाही. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, बघा, दोन गोळ्या कशा लागू पडल्या आणि पथ्यही नीट चाललंय."

दादू बाकावर बसला. तीन वर्षं घरून आणलेल्या बाटलीत लाल आणि इथं स्वतःच्या अंगातून निघालेली, पहिल्या दिवसापासून निळी.

त्याला आठवलं, नाक्यावरच्या हॉटेलात बर्नार्ड चहात तीन चमचे साखर घालायचा. दादू चिडवायचा, "बर्न्या, तुला डॉक्टरनं काय सांगितलंय?" बर्नार्ड म्हणायचा, "डॉक्टर काय चहा पाजतो काय?" दादू हसायचा. एकतीस वर्षं झडती घेतलेला माणूस, आणि समोरच्या कपातलं त्याला दिसलं नाही!

मग त्याला ती मोरी आठवली. ज्या घरात साखरेचा रोगी असतो तिथं मोरीवर मुंग्या लागतात हे आई-आजीपासून सगळ्यांना ठाऊक. पण बर्नार्ड दहा दिवस त्या घरात नव्हता. मग काल मुंग्या कुणासाठी आल्या होत्या?

दादूच्या तोंडातून नुसतं "अरे देवा" एवढंच निघालं. बुद्धाच्या फोटोला हार घालणारा माणूस, पण तेव्हा तोंडात तेच आलं.

५

पवईवरून जाणारी बस पकडून तो मरोळला पोचला तेव्हा कार्मेन एकटीच होती. पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं, त्यातून पिवळं पाणी झिरपत होतं.

"कार्मेन बाय, साखर तुला हाय ना?"

"मग? तीन वर्सं झाली. का रे?"

"गोळ्या कुठून येतात?"

"कंपनीतून. दोघांना देते ना कंपनी? बर्नार्ड बोलला, कागदावर दोघांचं नाव हाय. सकाळची बाटली भरून द्यायची मी, तो घेऊन जायचा नि गोळ्या आणायचा. गेले सात दिवस गोळी नाय माझ्याकडं, डबा खाली हाय. म्हटलं तो घरी आला की आणेल."

दादू तिच्यासमोर जमिनीवर बसला. हे कसं सांगावं याचा विचार करत तो सगळी वाट आला होता, आणि आता त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. त्यानं सरळ सांगून टाकलं. की कागदावर तिचं नाव नाही. की बर्नार्डला साखर कधी नव्हतीच. तिचा आजार त्यानं आपल्या नावावर लावून घेतला, तिची बाटली आपली म्हणून दिली. आणि मग हाड मोडून तो दवाखान्यात पडला, तेव्हा त्यांनी कार्डावर वाचून तिच्या गोळ्या त्याला दिल्या.

"मग तो बोलला का नाय? मला नको, मला साखर नाय, असं?"

"बोलला असता तर कार्ड काढून घेतलं असतं. तुझ्या गोळ्या बंद."

कार्मेननं तोंडावर पदर घेतला. दादूला वाटलं, इथंच सोडावं, उठून जावं. पण शकुचं तोंड डोळ्यांपुढं आलं, आणि त्याहून वाईट म्हणजे एक गोष्ट अजून सांगायची उरली होती.

"बाय, तो 'अ' घे म्हणून त्याला मी सांगितलं होतं. कागद मी वाचला होता."

तिनं पदर काढला.

"तू वाईट सांगशील व्हय त्याला? भल्यासाठीच सांगितलंस. मला तवा साखर पन नव्हती. कुणाला काय ठाऊक?"

"उद्या दुपारी सहदेवला पोलिसांत देतायत. तू येऊन सांगितलंस तर सुटेल. पण मग तुझ्या गोळ्यांचा रस्ता कायमचा बंद."

"शकुचा नवरा ना तो?" ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. "उद्या सकाळी ने मला. त्या पोराला पयला सोडव."

६

मॅनेजरच्या खोलीत बुधवारी अकरा वाजता सगळे होते. डॉक्टर चंद्रप्रकाशांनी आधी मुळीच मानलं नाही. "तीन साल मैंने इस आदमी को देखा है," म्हणत राहिले. मग दादू म्हणाला, "साहेब, तुम्ही त्याला बघितला नाही, त्याची बाटली बघितलीत. आज बाटलीची मालकीण आलीय. तपासा."

तपासलं. क्लॅरिसनं सर्वांसमोर उकळवलं. निळं हिरवं झालं, मग पिवळं, आणि मग असं गडद लाल की मॅनेजरनं चष्मा काढला. डॉक्टर खाली बसले आणि बराच वेळ कपाळ चोळत राहिले.

क्लॅरिसनं आपणहून सांगितलं, बर्नार्डनं दोनदा साखर मागितली होती, आपण दिली नाही. कार्मेन तिच्याकडं बघत राहिली. "तुला काय ठाऊक, बाय?" एवढंच म्हणाली.

सहदेव तिथल्या तिथं कामावर परत. मॅनेजरनं हात मिळवला वगैरे. शकु बाहेर उभी होती, तिला कुणीतरी जाऊन सांगितलं. दादूच्या छातीवरचा दगड उतरला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तो बर्नार्डलाही विसरला.

मॅनेजर घसा साफ करून म्हणाले, "मिरांडाबाई, वाईट वाटतं, पण 'अ' आहे. कामगार गेला की औषध संपलं. माझ्या हातात काही नाही."

"ब असतं तर?" कार्मेननं विचारलं.

दादू घाईनं मध्ये पडला. "बाय, 'ब'मध्ये नुसती यादीतली औषधं. खोकल्याचं पाणी, मलम, तसलं. साखरेच्या महागड्या गोळ्या त्यात कुठल्या?"

"नाही नाही," डॉक्टर दमलेल्या आवाजात म्हणाले. "साखरेच्या गोळ्या यादीत पहिल्यापासून आहेत. फॉर्मच्या मागच्या बाजूलाच छापली होती यादी."

दादूनं डोळे मिटले. चार वर्षांपूर्वीचा तो कागद त्याला स्पष्ट दिसला. पुढची बाजू. त्यानं तो उलटून बघितलाच नव्हता. हजार माणसांचे खिसे उलटून बघणाऱ्यानं एक कागद उलटला नव्हता. त्याला स्वतःला लागणार होतं ते पुढच्याच बाजूला होतं.

परतीच्या बसमध्ये कार्मेन खिडकीशी बसली, दादू शेजारी. पवई गेलं, साकीनाका गेला. मरोळला तिला उतरवायला त्यानं हात पुढं केला, तर तिनं दांडा धरला आणि मोडक्या गुडघ्यांनी एकेक पायरी स्वतःच उतरली. खाली उभी राहून तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं.

"दादू," ती म्हणाली, "तुला वाचता येत व्हतं ना रे?"

कंडक्टरनं घंटी मारली. बस दादूला घेऊन पुढं निघाली.

त्यानंतर शकु दर महिन्याला कार्मेनला मोठ्या सरकारी इस्पितळात नेते, अर्धा दिवस रांगेत उभी राहते, गोळ्या मिळतात कधी, कधी नाही. दादू वाइंडिंग खात्यातल्या उरलेल्या बावीस घरी जाऊन आला. त्यानं सगळ्यांना मागची यादी मोठ्यानं वाचून दाखवली, मग सगळ्यांच्या सह्या घेऊन खूण बदलू द्या म्हणून कंपनीकडं अर्ज केला, त्याचं उत्तर यायचंय. मरोळच्या घरी मात्र तो गेलेला नाही. तिथं जाऊन काय वाचून दाखवणार?